सिल्क बोर्डाबाहेरचे पतंग

बंगळुरात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक नाव पाठ होतं, सिल्क बोर्ड. होसूर रस्ता आणि आउटर रिंग रोड जिथे भेटतात, त्या चौकातल्या वाहनकोंडीवर शहराने विनोदांचं एक वेगळं दालनच उघडलं आहे. चौकाला हे नाव मिळालं ते शेजारच्या केंद्रीय रेशीम मंडळावरून. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या मंडळाचा बराचसा कारभार एका पांढुरक्या, जाडसर पतंगाभोवती फिरतो. माणसाने हजारो वर्षं पाळल्यामुळे हा तुतीचा रेशीमपतंग उडणं विसरला. पंख आहेत, पण ते नुसते फडफडतात. त्याची रानातली भावकी मात्र याच शहराच्या दिव्यांभोवती रोज रात्री घिरट्या घालत असते, आणि तिच्याकडे बघायला कुणाला सवड नसते.

ती सवड काढायची ठरवली, तर त्यासाठी लागणारं सामान फार थोडं आहे.

भारतात फुलपाखरांच्या साधारण तेराशे-चौदाशे जाती आहेत आणि पतंगांच्या दहा हजारांहून जास्त. तरी कौतुक सगळं फुलपाखरांच्या वाट्याला येतं. महाराष्ट्राने २०१५ साली ‘ब्लू मॉर्मन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला, पतंगांचा विचारही कुणाच्या मनात आला नसेल. मराठी माणसाची पतंगांशी ओळख आहे ती शेतातून, आणि तीही वैराची. कापसावरची बोंडअळी, हरभऱ्यावरची घाटेअळी, सोयाबीनवरची उंटअळी, मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी, ही सगळी पतंगांचीच पिल्लावळ. यातली शेवटची तर भारतात पहिल्यांदा सापडली ती कर्नाटकातच, मे २०१८ मध्ये शिवमोग्याकडच्या मक्यात. पण दहा हजारांत असे उपद्रवी निघतात ते थोडेच. उरलेले आपापल्या झाडावर वाढतात आणि वटवाघळं, पाली, कोळी, पक्षी यांची पोटं भरतात. काही जण रात्रीच्या फुलांचं परागीभवनही करतात. बंगळुरातल्या रस्त्यांवर बुचाची उंच झाडं बरीच आहेत. त्यांची लांब दांड्याची, सुवासिक पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात ती लांब सोंडेच्या पतंगांसाठीच. परसातल्या पपईच्या फुलांवरही अंधार पडताना हेच पतंग येतात.

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत आणि उपनगरांत पतंग पाहण्याचा छंद जुना आहे. रात्री परसात दिव्याचा सापळा लावायचा, सकाळी चहाचा कप घेऊन तो उघडायचा, कोण कोण आलं ते मोजून वहीत मांडायचं आणि सगळ्यांना सोडून द्यायचं. तिथे नावाजलेला ‘रॉबिन्सन’ सापळा १९५० चा आहे. वर पाऱ्याच्या वाफेचा प्रखर दिवा, त्याखाली नरसाळं, आणि खाली गोल पिंपात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. नरसाळ्यातून घसरलेला पतंग ट्रेच्या खाचेत अंग चोरून बसतो आणि सकाळपर्यंत हलत नाही. त्याच देशात रॉथमस्टेड या शेतीसंशोधन संस्थेने १९६८ पासून देशभर एकाच प्रकारच्या प्रकाश सापळ्यांचं जाळं चालवलं आहे. त्यातले कितीतरी सापळे स्वयंसेवक सांभाळतात. या नोंदींवरून २०२१ मध्ये एक अहवाल आला. पन्नास वर्षांत ब्रिटनमधल्या मोठ्या पतंगांची एकूण संख्या ३३ टक्क्यांनी घटली आणि दक्षिणेकडच्या निम्म्या भागात घट ३९ टक्क्यांची होती.

हे आकडे दुर्मीळ पतंगांच्या मागे रानोमाळ भटकून हाती आलेले नाहीत. त्याच बागेत, त्याच दिव्याखाली, वर्षानुवर्षं कंटाळा न करता मोजत बसलेल्या माणसांचे ते आकडे आहेत. बंगळुरात हा नाद लावून घेणाऱ्याने इंग्लंडकडून एकच गोष्ट उचलावी, जागा न बदलण्याचा चिवटपणा. सापळ्याची महागडी यंत्रं तिथेच राहिली तरी चालतील.

हवेच्या बाबतीत बंगळूर इंग्लंडपेक्षा कितीतरी सुदैवी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंची, कडाक्याची थंडी नाही, मे महिन्यातल्या वळवापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस. त्यात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकदा जोर. पतंगांसाठी पहिल्या पावसानंतरचे दिवस आणि मग ऑगस्ट ते नोव्हेंबर हा काळ उत्तम. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या रात्री चादरीवर फारसं कुणी येत नाही, पण त्या रात्रींबद्दल पुढे बोलायचं आहे. शिवाय शहराच्या पोटात अजून हिरवे तुकडे शिल्लक आहेत. जीकेव्हीके हे कृषी विद्यापीठाचं आवार, भारतीय विज्ञान संस्था, लालबाग, कब्बन पार्क, जे. पी. नगरमधलं दोरेसानीपाळ्याचं जंगल, दक्षिणेला तुरहळ्ळी. यांच्या आसपास राहणाऱ्याची निम्मी कामगिरी घर घेतानाच फत्ते झाली.

सुरुवात मात्र दिव्यानेही करू नये. पहिला महिनाभर फक्त भिंती पाहाव्यात. सोसायटीचा जिना, पार्किंगमधली ट्यूबलाइट, एटीएमची काच, पेट्रोल पंपाचं छत, मेट्रो स्थानकाची पांढरी भिंत, अशा जागी रात्रभर दिवा जळतो आणि पहाटे आलेले पाहुणे तिथेच झोपलेले असतात. झाडूवाले येण्याआधी, सहा-साडेसहाच्या सुमारास एक फेरी मारली की पुरे. घरातसुद्धा शोधाशोध करता येते. न्हाणीघराच्या भिंतीवर सिमेंटच्या रंगाची, दोन्ही टोकांना उघडी, चपटी पिशवी हळूहळू सरकताना अनेकांनी पाहिली असेल. तिच्या आत एका छोट्या पतंगाची अळी असते. धूळ आणि धागे जमवून ती स्वतःचं घर विणते, आणि कोळ्याची जुनी जाळी व गळालेले केस खाऊन जगते. तांदळाच्या डब्यातून भुर्रकन उडणारा राखाडी पतंगही ओळखीचाच. त्याच्याविषयी एक गंमत सांगण्यासारखी आहे. ट्रायकोग्रामा नावाची, इतर किडींची अंडी फस्त करणारी इवलीशी गांधीलमाशी प्रयोगशाळेत वाढवायची तर याच तांदळाच्या पतंगाची अंडी लागतात. स्वयंपाकघरातला शत्रू शेतकऱ्याच्या कामी येतो तो असा. मोरीत बसणारी, बदामाच्या आकाराची काळी केसाळ माशी मात्र पतंग नव्हे. ती सांडपाण्यात वाढणारी माशीच आहे.

भिंती पाहून नजर बसली की चादर. साधी पांढरी सुती चादर, शक्यतो सुरकुती नसलेली. कपडे उजळ दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरींत जी द्रव्यं असतात ती अतिनील प्रकाशात चमकतात, त्यामुळे रोजच्या धुण्यातली चादर नव्या कोऱ्या कापडापेक्षा चांगली. गच्चीत किंवा बाल्कनीत दोरीवर ती अशी टांगावी की खालचा हातभर भाग जमिनीवर पसरेल. पुष्कळ पतंग चादरीवर न बसता पायथ्याशी उतरतात आणि नकळत पायाखाली जातात.

दिव्याची निवड हा या छंदातला सर्वांत वादाचा विषय. जुने जाणकार १६० वॅटच्या पाऱ्याच्या दिव्याची शिफारस करतात. त्याला चोक लागत नाही, साध्या होल्डरमध्ये बसतो, आणि पतंग येतात ते ढिगाने. पण तो भयंकर तापतो, पावसाचा थेंब पडला तर काच तडकू शकते, बाहेरचं आवरण फुटलं तर घातक किरण थेट डोळ्यांवर येतात आणि शेजाऱ्यांच्या शयनगृहात दिवस उजाडतो तो वेगळाच. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी झालेल्या २०१३ च्या मिनामाता करारानंतर असे दिवे बाजारातून हळूहळू जात आहेत, आणि ते बरंच आहे. नवख्याला परवडणारे दोन पर्याय आहेत. मिठाईच्या दुकानात माश्या मारणाऱ्या यंत्रात जी निळसर नळी असते, ती विजेच्या सामानाच्या दुकानात सुटी मिळते. पट्टी आणि चोक घेऊन ती बसवून घ्यावी. दुसरा पर्याय अतिनील एलईडीचा. टाउन हॉलजवळच्या एस. पी. रोडवर पाच किंवा बारा व्होल्टवर चालणारी पट्टी, बॅटरी आणि वायर एकाच गल्लीत मिळतात. विकत घेताना ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा दिवा मागावा. ३९५ चा स्वस्त असतो आणि तोही चालतो. पॉवर बँकेवर चालणारी पट्टी असेल तर वीज गेल्याची फिकीर नाही. दिवा कोणताही असो, त्याकडे टक लावून पाहू नये आणि साधा चष्मा तरी डोळ्यांवर असावा.

दिवा लावण्याआधी सोसायटीच्या कार्यालयात आणि पहारेकऱ्याला सांगून ठेवणं शहाणपणाचं. रात्री दहाला गच्चीवर निळा उजेड आणि चादरीशी वाकलेली माणसं दिसली की चौकशी होणारच. कन्नडमध्ये ‘हुळु’ म्हणजे किडा आणि ‘चिट्टे’ म्हणजे फुलपाखरू, एवढं भांडवल पुरतं. बहुतेक पहारेकरी गावाकडचे असतात आणि चादरीवर काय बसलंय हे पाहण्यात सोसायटीच्या सचिवांपेक्षा जास्त रस घेतात.

अमावस्येच्या आसपासची, ढगाळ, उबदार, वारा पडलेली रात्र पतंगांना मानवते. स्वच्छ पौर्णिमेला संख्या कमी होते. अंधार पडल्यावर पहिल्या दोन तासांत छोट्यांची गर्दी असते. मोठे हॉकमॉथ आणि रानरेशमाच्या कुळातले पतंग बरेचदा मध्यरात्रीनंतर येतात. नोकरदाराने त्यासाठी जागत बसण्याची गरज नाही. आठ ते साडेदहा पाहावं, झोपावं आणि पहाटे पुन्हा एकदा डोकवावं. दिवा मात्र रात्रभर जळत ठेवू नये. त्याचं कारण समजायला एका प्रयोगाकडे वळावं लागतं.

पतंग दिव्याला चंद्र समजतात, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. जानेवारी २०२४ मध्ये सॅम्युएल फॅबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांचं उडणं टिपून वेगळंच चित्र मांडलं. उडणारा कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतो. लाखो वर्षं रात्रीही आकाश जमिनीपेक्षा उजळ असायचं, त्यामुळे पाठ उजेडाकडे म्हणजे अंग सरळ, हा हिशेब बरोबर होता. बाजूला दिवा लागला की कीटक त्याच्याकडे पाठ वळवतो, कलतो, आणि दिव्याभोवतीच फिरत राहतो. दिवा खालून वर रोखलेला असेल तर तो उलटा होऊन आपटतोसुद्धा. तेव्हा कीटक उजेडाच्या ओढीने येतात असं म्हणण्यापेक्षा तिथे अडकतात असं म्हणणं बरोबर. या प्रयोगात अपवाद ठरलेल्या मोजक्या कीटकांत कण्हेरीचा हॉकमॉथ होता, जो बंगळुरात घरोघरी सापडतो. त्याने दिव्याला फारशी दाद दिली नाही. छंदासाठी यातून निघतो तो नियम साधा आहे. दिवा जमिनीवरून आकाशाकडे रोखू नये, दोन-तीन तासांनी विझवावा, आणि एकाच जागी आठवड्यातून एकदापेक्षा जास्त वेळा लावू नये. पतंगांनाही जोडीदार शोधायचे असतात, अंडी घालायची असतात, आणि अनेकांचं प्रौढ आयुष्य थोड्याच दिवसांचं असतं. अजस्र ॲटलस पतंगाला तर काही खाता येईल असं तोंडच नसतं; अळीपणी साठवलेल्या चरबीवर तो उरलेले दिवस काढतो.

दिव्याला दाद न देणाऱ्यांसाठी इंग्लंडमध्ये काकवी आणि रम उकळून झाडाच्या बुंध्याला फासतात. इथे गुळाचा पाक, काळी पडलेली केळी आणि चमचाभर बिअर एवढ्यावर भागतं. मिश्रण दोन दिवस आंबू द्यावं आणि संध्याकाळी ब्रशने बुंध्यावर, डोळ्यांच्या उंचीवर, पट्टा ओढावा. पंखांवर मोठे डोळे रंगवलेला तपकिरी घुबड-पतंग अशा पट्ट्यावर ताव मारायला येतो. मुंग्याही येतात. त्याला इलाज नाही.

ज्यांना रात्री वेळच नाही त्यांनी बादलीचा सापळा करावा. वीस लिटरची बादली, तोंडावर मोठं नरसाळं, नरसाळ्यावर एलईडी, आत किराणा दुकानातून मागून आणलेले अंड्यांचे ट्रे, तळाला पाणी निघायला छिद्रं. विष किंवा रॉकेलचं पाणी अर्थातच नाही. तो शेतातला प्रकाश सापळा झाला. सकाळी ऊन चढायच्या आत एकेक ट्रे उचलून पाहावा, फोटो घ्यावा आणि पतंगांना दाट झुडपाच्या सावलीत, दर वेळी वेगळ्या जागी ठेवावं. इथे एक चतुर प्रतिस्पर्धी असतो. दयाळ आणि साळुंकी दोन-तीन आठवड्यांत वेळापत्रक शिकतात आणि बादली उघडायच्या आधीच कठड्यावर हजर होतात. इंग्लंडमधला रॉबिनही नेमका हेच करतो. पतंग उघड्यावर सोडले तर ती मेजवानीच ठरते.

आता कोण कोण येतं ते. पहिल्या रात्री चादरीवर शंभर जीव बसले तर त्यातले निम्मे पतंग नसतील. भुंगे, तुडतुडे, वाळवीचे पंखवाले, गांधीलमाश्या, त्यांच्या मागावर पाल आणि प्रार्थनाकीटक. गांगरून जाऊ नये. जाती ओळखण्याच्या आधी बसण्याची ढब ओळखावी, तेवढ्यावर कुळ बऱ्यापैकी सांगता येतं. जिओमीटर कुळातले पंख पसरून भिंतीला सपाट चिकटतात. याच कुळातल्या अळ्या वेटोळी कमान करत चालतात. नॉक्टुइड पंखांचं उतरतं छप्पर करतात. प्लूम मॉथ काटकुळे हात आडवे पसरून इंग्रजी टी अक्षराचा आकार घेतात आणि नवख्याला ते पतंग वाटतच नाहीत. हॉकमॉथ जेट विमानासारखे टोकदार पंख मागे रेललेले.

कण्हेरीचा हॉकमॉथ पाहायचा तर दिव्यापेक्षा झाड तपासावं. कण्हेर किंवा तगर कुंडीत असेल आणि एका रात्रीत फांदी बोडकी झाली असेल, खाली मिऱ्यांएवढ्या काळ्या-हिरव्या लेंड्या पडल्या असतील, तर बोटाएवढी हिरवी अळी तिथेच आहे. तिला छेडलं की मान फुगवते आणि दोन निळे डोळे उघडल्यागत दिसतात. खरे डोळे ते नव्हेत. सोसायटीच्या माळ्याने फवारणी करण्याआधी ती वाचवता आली तर पावडर-हिरव्या, गुलाबी रेषांच्या त्या पतंगाचा जन्म पाहायला मिळतो. कोशाआधी अळी झाडावरून उतरते, म्हणून डब्यात तळाला वाळलेली पानं आणि थोडी माती हवी. अनंताच्या झाडावर दिवसा भणभणणारा पारदर्शक पंखांचा हॉकमॉथही अंडी घालतो. त्याला पाहून बहुतेक लोक भुंगा म्हणतात. गुळवेल लावली तर फळांचा रस शोषणारे पतंग येतील. पुढचे पंख हुबेहूब वाळलेलं पान, आणि ते उघडले की मागचे झगझगीत केशरी. विदर्भातल्या संत्रा-मोसंबीच्या बागायतदाराला याच पतंगाचं नाव काढलं तर राग येईल. त्याची सोंड टोकाला इतकी कठीण असते की फळाची साल भोसकते. त्याची अळी मात्र फळावर नसते, गुळवेलीवर वाढते.

वड-उंबराच्या आसपास केशरी-पिवळ्या अंगाचे असोटा दिसतात. पांढुरक्या गुलाबी पंखांचा क्रिएटोनोटस गँगिस हा वाघपतंग तर मोबाइलवर पसरणाऱ्या चित्रफितींमुळे प्रसिद्ध आहे. मादीला गंध पोचवण्यासाठी नर पोटाच्या टोकातून चार केसाळ नळ्या बाहेर काढून फुगवतो, आणि ते दृश्य पाहून लोक ‘परग्रहावरचा जीव’ म्हणून पुढे पाठवतात. पतंगांचं सगळं प्रेमप्रकरण असं गंधावर चालतं. कीटकांचा पहिला कामगंध ओळखला गेला तोही रेशीमपतंगाचाच, १९५९ साली, जर्मनीत आडोल्फ बुटेनांट यांच्या प्रयोगशाळेत. कापसाच्या शेतात आज टांगलेले कामगंध सापळे हे त्याच संशोधनाचे वंशज. चंदनाची झाडं जवळ असतील तर दिवसा उडणारा, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, गांधीलमाशीचं सोंग घेतलेला अमाटाही दिसेल. त्याला दिव्याची गरज नाही. सकाळी नऊला झुडपांवर शोधावा.

पतंग चावत नाहीत, आणि त्यांच्या पंखांची भुकटी डोळ्यात गेल्याने कुणी आंधळं होत नाही. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांनी नाकावर रुमाल बांधावा एवढंच. खरा सावधपणा बाळगायचा तो इतर पाहुण्यांबाबत. पावसाळ्यात दिव्यावर येणारा पिडेरस हा नारिंगी-काळा, मुंगीसारखा लांबट भुंगा अंगावर चिरडला तर त्याच्या रक्तातल्या द्रवाने कातडी भाजल्यासारखी होते. तो अंगावर बसला तर फुंकर मारून उडवावा, चापट मारू नये. चिरडलाच तर लगेच साबणाने धुवावं. केसाळ आणि काटेरी अळ्यांना हात लावायचाच नाही. २०२२ मध्ये मराठवाड्यात ‘घोणस अळी’ची धास्ती पसरली होती ती याच प्रकारच्या अळीमुळे, सापाशी तिचा संबंध नावापुरता, पण काट्यांची आग खरी. तिच्यापासून होणारा पतंग अगदी निरुपद्रवी, तपकिरी, गुबगुबीत असतो.

फोटो मोबाइलवर उत्तम येतात. पंख वरून, कॅमेरा भिंतीला समांतर, आणि टॉर्चवर टिश्यूपेपर लावून मऊ केलेला उजेड. सोबत आकार कळावा म्हणून एक फोटो नाण्यासह घ्यावा. वहीत तारीख, जागा, दिवा लावल्याची आणि विझवल्याची वेळ, हवा, दिव्याचा प्रकार आणि मोजदाद, इतकं हवंच. ज्या रात्री काहीच आलं नाही, ती रात्रही लिहावी. मार्चमधल्या कोरड्या रात्रींची नोंद म्हणूनच आवश्यक. पुढच्या वर्षी समोरच्या मोकळ्या भूखंडावर इमारत उठेल किंवा रस्त्यावर नवे पांढरे दिवे लागतील, तेव्हा तुलना करायला हाताशी असेल ते याच रकान्यांतलं काही. नवी मंडळी इथेच चुकतात. पहिल्या दोन महिन्यांत सुंदर पतंगांचे दोनशे फोटो आणि मोजदाद मात्र एकाचीही नाही.

ओळख पटवण्यासाठी बंगळूर ही देशातली सोयीची जागा आहे. इथल्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीबीएसमध्ये, कृष्णमेघ कुंटे यांच्या पुढाकाराने भारतीय जैवविविधतेचा जो ऑनलाइन ॲटलास चालतो त्यात ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ हा पतंगांचा स्वतंत्र विभाग आहे. कुंटे यांचं दक्षिण भारतातल्या फुलपाखरांवरचं २००० सालचं पुस्तक मराठी निसर्गप्रेमींच्या कपाटांत जुनं झालेलं असेल. पतंगांसाठी व्ही. शुभलक्ष्मी यांची २०१८ ची क्षेत्रमार्गदर्शिका जवळ ठेवावी. त्या मुंबईच्या बीएनएचएसमध्ये अनेक वर्षं होत्या. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आणि आयनॅचरलिस्टवर फोटो टाकला की जाणकार मदत करतात. ज्याला मुळापर्यंत जायचं आहे त्याने जॉर्ज हॅम्पसन यांचे १८९२ ते १८९६ दरम्यान निघालेले चार खंड चाळावेत. निलगिरीत चहाचा मळा सांभाळणाऱ्या या गृहस्थाचं वर्णन आजही लोक उघडतात, कारण अनेक जातींबद्दल त्यानंतर फारसं लिहिलंच गेलं नाही. एक मात्र पत्करून चालावं, पुष्कळ पतंगांची जात फोटोवरून ठरत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेत शवविच्छेदन लागतं. वहीत ‘जिओमीटर कुळ, हिरवा, छोटा’ एवढंच लिहिणं हे अर्धवट काम नव्हे. खोट्या नेमकेपणापेक्षा ते शंभरपट बरं.

जुलैच्या अखेरच्या पूर्ण आठवड्यात, २०१२ पासून, जगभर पतंग सप्ताह पाळतात आणि त्या वेळी शहरात सामूहिक चादरी लागतात. पहिली रात्र अशा गटाबरोबर घालवली तर नावं शिकण्याचे बरेच कष्ट वाचतात. एकट्याने जंगलात रात्री जाणं मात्र मूर्खपणा आहे. तुरहळ्ळीच्या बाजूला बिबटे फिरतात, बन्नेरघट्ट्यात हत्ती, आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय दिवा लावणं किंवा कीटक उचलणं हा गुन्हा आहे. त्यापेक्षा सुमारे १४७८ मीटर उंचीच्या नंदी टेकडीवर एक मुक्काम करावा आणि पहाटे विश्रामगृहाच्या व्हरांड्यातले दिवे पाहावेत. सूर्योदय पाहायला सगळे कड्याकडे धावतात तेव्हा भिंती रिकाम्या असतात. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात राहणाऱ्यांना आणखी एक लाभ आहे. तिथल्या झाडांवर स्लेंडर लोरिस हा रात्री हिंडणारा, मोठ्या डोळ्यांचा छोटा प्राणी टिकून आहे आणि कीटक हेच त्याचं मुख्य अन्न. त्याच्यासाठी टॉर्चवर लाल जिलेटीनचा कागद लावावा. पांढरा झोत त्याच्या डोळ्यांना सहन होत नाही.

दिवाळीत गावी जाताना चादर आणि एलईडीची पट्टी बॅगेत टाकायला जड नाही. बंगळुराहून कोल्हापूर, बेळगाव, सावंतवाडीकडे निघालेल्याने वाटेत एखादा मुक्काम घाटमाथ्यावर किंवा कारवारकडे केला तर चादरीवरची मंडळी बदललेली दिसतील. कारवारला टी. आर. बेल नावाचा वनअधिकारी निवृत्तीनंतरही राहिला आणि १९४८ मध्ये तिथेच वारला. हॉकमॉथच्या अळ्या झाडावरून आणून, वाढवून, कोश फुटेपर्यंत त्यांच्या नोंदी ठेवणं हे त्याचं अनेक वर्षांचं काम. स्कॉट यांच्याबरोबर त्याने लिहिलेला हॉकमॉथवरचा खंड १९३७ साली निघाला, आणि कुठली अळी कुठल्या झाडावर वाढते हे पाहायला तो अजूनही हाताशी घेतला जातो. गावच्या घरी चादर लावताना गोठ्यापासून आणि उसाच्या फडापासून जरा दूर लावावी, गुरांच्या अंगावर चिलटं जात नाहीत आणि विंचू-सापाचं भय कमी राहतं. शेजारच्या रानात कुणी प्रकाश सापळा लावत असेल तर सकाळी त्याच्याकडे चक्कर टाकावी. त्याच्या टोपल्यात मेलेले पतंग असतात, पण कोणत्या पंधरवड्यात कुठला पतंग वाढतो याची माहिती त्याला तोंडपाठ असते.